हॉटेल मॅनेजमेंटची स्टडी टूर: १८ हजार भरायचे की नाही?

त्रिमूर्तीनगरची_आई

नमस्कार. मुलगी इथेच, नागपुरात हॉटेल मॅनेजमेंटच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजची शैक्षणिक सहल निघतेय, दिल्ली-आग्रा-शिमला-मनाली. माणशी १८,००० रुपये. छापील कार्यक्रम हातात आलाय. त्यात शिकण्यासारखं म्हणाल तर एकच ओळ: 'दिल्ली, तारांकित हॉटेलला भेट, १ तास'. त्याखालची ओळ: 'सरोजिनी नगर मार्केट, ४ तास'. मनालीत दोन दिवस बर्फ.

जे येणार नाहीत त्यांना प्रोजेक्ट करून इंटर्नलचे मार्क मिळतील असं सरांनी सांगितलंय, म्हणजे तशी सक्ती नाही. लेकीला जायचंय, मैत्रिणी चालल्यात. तिच्या बाबांचं म्हणणं, सहल आहे हे दिसतंय, शैक्षणिक कुठून झाली? या लाइनमध्ये अशा टूरचा खरंच उपयोग होतो का? होत असेल तर नेमका कशाचा? इथे हॉटेलवाली मंडळी आहेत म्हणून विचारते.

हिशेबी_काका

उपयोग शून्य. यांचं इंडस्ट्रियल ट्रेनिंग असतंच, चांगलं सेमिस्टरभर. तिथे पोरं हॉटेलातच राबतात. मग एक तास लॉबी बघून नवीन काय कळणार? त्या पैशात सुऱ्यांचा चांगला सेट येईल, वर फ्रेंच नाहीतर जपानीचा क्लास लागेल. पुढे कामी येईल.

तर्रीपोहे

काका, पोरीले सुरी घेऊन द्याची अन् बाकीच्या पोट्ट्यायनं मनालीत फोटो काढाचे, हे काही जमत नाही बरं. जाऊ द्या न जी तिले. वय हाय.

लिननरूम

मी वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात हाऊसकीपिंगला आहे. दुसऱ्या बाजूनं सांगते, कारण अशी कॉलेजं आमच्याकडेच येतात.

फोन येतो: "मॅडम, उद्या साठ मुलं आणतोय." वेळ विचारली की "सकाळी अकरा." अकराला आमचे चेक-आउट चालू असतात. मजल्यामजल्यावर ट्रॉल्या, काढलेल्या चादरींचे ढीग, लिफ्ट अडकलेली, आणि दोनच्या आत त्याच खोल्या पुढच्या पाहुण्यांना द्यायच्या असतात. त्यात साठ मुलं कुठे घुसवू? मग जे होतं तेच होतं. लॉबीत उभं करायचं, बँक्वेट हॉल दाखवायचा, एक रिकामी सुईट उघडायची, ज्यूस आणि पेस्ट्री द्यायची, ग्रुप फोटो. एक तास संपला. कॉलेज खूश, आम्ही मोकळे. शिकलं कोणीच काही नाही.

पण काही जण दुपारी तीननंतरची वेळ मागतात, पंधरा-पंधराचे गट करून आणतात, काळे बंद बूट, केस बांधलेले. त्यांना मी बेसमेंटला नेते. लॉन्ड्रीत एक चादर हातात देते आणि विचारते, ही परत बेडवर घालायची की काढून टाकायची? उजेडात धरल्याशिवाय झिरलेली जागा दिसत नाही. मग विचारते, एका बेडसाठी चादरींचे किती सेट ठेवायचे? एक बेडवर, एक धुवायला, एक कपाटात, हे वहीत लिहिलेलं असतं. आणि पावसाळ्यात मशीन बंद पडलं तर? तिथं पोरं एकमेकांकडे बघतात. लग्नाचं बुकिंग असलं तर? मग चर्चा सुरू होते. तो अर्धा तास त्यांच्या लक्षात राहतो, कारण ट्रेनिंगला आलेली मुलं पुढे हेच सांगतात.

ताई, कार्यक्रमात 'हॉटेलला भेट' एवढंच लिहिलंय ना? कोणता विभाग, किती वाजता, कितीचा गट, भेटणार कोण, हे विचारून घ्या. उत्तर आलं नाही तर समजा पेस्ट्री आहे.

ता. क. डिसेंबरात नागपुरात कोणी भेट मागूच नये. हिवाळी अधिवेशनात आमच्याकडे श्वास घ्यायला फुरसत नसते.

गोंदिया_ते_डेस्क

काकांचं म्हणणं एका बाजूनं बरोबर आहे, पण माझी बाजू ऐका. मी गोंदिया जिल्ह्यातल्या खेड्यातला. कॉलेजच्या टूरवर गेलो तोवर मी हॉटेलात मुक्काम केलाच नव्हता. नातेवाईक सोडून कुठं राहायचा प्रश्नच आला नव्हता. प्रॅक्टिकलला मॉक फ्रंट ऑफिस होतं, तिथे 'गुड इव्हनिंग सर' घोकून आलो होतो.

टूरला आम्हाला कार्डवाली खोली मिळाली. दार उघडलं, आत अंधार. आम्ही तिघं मोबाईलचा टॉर्च लावून बटणं दाबतोय, लाइट लागेना. रिसेप्शनला फोन करायची लाज, कारण आम्ही हॉटेल मॅनेजमेंटची पोरं! शेवटी सफाईच्या दादानं येऊन कार्ड भिंतीतल्या खाचेत घातलं, काही न बोलता. हसलाही नाही. सकाळी बुफेत काय आधी घ्यायचं, रिकामी प्लेट कुठं ठेवायची, हेही दुसऱ्याचं बघून.

आज मी फ्रंट डेस्कला आहे. गावाकडचे कोणी आजोबा-आजी लग्नाला म्हणून येऊन थांबले, की मी बेलबॉयला सांगतो, खोलीत जाऊन कार्ड तू स्वतः लाव, गिझरचं बटण दाखव, आणि त्यांनी विचारायची वाट बघू नको. हे मला ट्रेनिंगनं शिकवलं नाही. ट्रेनिंगमध्ये मी स्टाफ होतो, मागच्या दारानं यायचो, स्टाफ कॅन्टीनला जेवायचो. पाहुणा म्हणून राहिलो ते त्या टूरवर. ज्या मुलांचे आईबाप दरवर्षी फिरायला नेतात त्यांचं कदाचित अडत नसेल. आमच्या वर्गात तशी फार नव्हती.

हिशेबी_काका

हे पटलं. पण त्यासाठी मनाली कशाला? हे चंद्रपूरलाही झालं असतं.

मोहर्लीवाला

काकांनी चंद्रपूर काढलंच आहे तर बोलतो. ताडोब्याच्या बफरला, म्हणजे जंगलाच्या बाहेरच्या पट्ट्यात, एका जंगल लॉजचं काम बघतो. नागपूरहून दोन-अडीच तास. मनालीचं भाडं सोडा, या पोरांनी दोन रात्री इथं काढल्या तर फ्रंट ऑफिस, किचन, हाऊसकीपिंग, गाइडिंग एकाच जागी दिसतं, आणि सगळं घड्याळावर.

सफारीच्या दिवशी किचन पहाटे चारला जागं होतं. साडेचारला दारावर चहा. पाहुणे गेटवर जायच्या आत नाश्त्याचे डबे जिप्सीत गेले पाहिजेत, आणि डब्यात काय द्यायचं हाही विचार आहे: हलणाऱ्या गाडीत सांडणार नाही, वास सुटणार नाही, हात तेलकट होणार नाहीत. गाड्या गेल्या की परत येईपर्यंतचे चार-पाच तास खोल्यांना. साडेदहाला सगळे एकदम येतात, सगळे भुकेले, सगळे धुळीनं लाल. पांढरा टॉवेल त्या तोंडाला लागला की गेला, म्हणून आम्ही जिप्सीजवळ गडद रंगाचे ओले गार टॉवेल घेऊन उभे राहतो.

आता खरी गोष्ट. तीन गाड्यांपैकी दोघांना वाघ दिसलेला असतो, तिसऱ्याला नाही. तिसऱ्या गाडीतला मुंबईचा माणूस उतरतो तेव्हा त्याचा चेहरा बघावा. एवढा खर्च, पहाटेची झोप, बायको-मुलं, आणि शेजारच्या टेबलावरचा फोटो फिरवतोय. मागे एका पोट्टीला टॉवेलचा ट्रे देऊन उभी केली होती. पाहुणा खेकसला, "वाघ कुठेय तुमचा?" तिनं टॉवेल पुढे केला आणि विचारलं, "सर, गाइडनं पायाचे ठसे दाखवले का?" तो थांबला. म्हणाला, दाखवले, रानकुत्रीही दिसली. मग बसून दहा मिनिटं रानकुत्र्यांवरच बोलला. तिला हे कोणी शिकवलं नव्हतं. आदल्या संध्याकाळी ती आमच्या गाइडसोबत गप्पा मारत बसली होती, तिथून उचललं.

शिवाय टुरिझमवाल्यांना इथं पुस्तकातली 'वहनक्षमता', म्हणजे एका जागेला किती पर्यटक झेपतात ते, डोळ्यांनी दिसते. गेटवर ठरलेल्याच गाड्या सुटतात, एका जिप्सीत सहा पर्यटक, स्थानिक गाइड सक्तीचा, कोअरमध्ये, म्हणजे आतल्या राखीव जंगलात, मोबाईल बंद. मोहर्लीत बायका गाइड आहेत, त्यांच्याशी बोलायला लावा पोरांना. पावसाळ्यात कोअर बंद असतो, तेव्हा लॉज पगार कसे काढतं, हे विचारायला लावा. पेंच २०२४ मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क झालं, म्हणजे तारे दिसावेत म्हणून रात्रीचा अंधार राखलेलं जंगल, आजूबाजूच्या गावांतले रस्त्यावरचे दिवे खाली तोंड करणारे बसवले. लॉजमालकाला बागेत झगमगाट हवा असतो, पाहुण्याला आकाशातले तारे. हा वाद वर्गात बसून कळायचा नाही.

चॉक_आणि_एप्रन

मी शिकवतो, त्यामुळे थोडं आमच्या बाजूनंही. टूर दिल्ली-मनालीच का जाते? कारण ट्रॅव्हल एजंटकडे ती तयार असते. एका फोनवर गाड्या, खोल्या, जेवण. प्राध्यापकाला वर्षाचा सिलॅबस, परीक्षा, प्लेसमेंट सांभाळून टूर आखायला वेळ नसतो, आणि नवीन काही केलं की जबाबदारी अंगावर. २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात सहलीची कॉलेजची मुलं बुडाली, तेव्हापासून परवानग्या, हमीपत्रं, वैद्यकीय दाखले सगळं वाढलं, आणि वाढायलाच हवं होतं. पण त्याचा परिणाम असा की जो रस्ता मळलेला आहे त्यावरच सगळे जातात.

माझं मत असं की टूरवर कुठे जातो यापेक्षा ती आखतो कोण, हे मोठं. आमच्याकडे एका वर्षी आम्ही वेरूळ-अजिंठ्याची टूर मुलांच्या हातात दिली. वर्गाची चार टोळकी केली: प्रवास, मुक्काम, जेवण, कार्यक्रम. कार्यक्रमवाल्यांनी मोठ्या उत्साहानं पहिला दिवस अजिंठा आणि दुसरा दिवस वेरूळ असा आराखडा आणला. पहिला दिवस सोमवार होता. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. उलटं करा म्हटल्यावर सगळे जिंकल्यासारखे नाचले, पण मग मुक्कामवाले म्हणाले की आपली खोली अजिंठ्याजवळच्या फर्दापूरला पहिल्या रात्रीचीच आहे, दुसऱ्या रात्री संभाजीनगरकडे सरकायचं होतं. प्रवासवाल्यांचं गाडीचं गणित कोलमडलं. दोन तास भांडण. मी चहा पीत बसलो. टूर ऑपरेशन्सचा तो माझा सगळ्यात चांगला तास, आणि त्यात मी काहीच शिकवलं नाही!

रूमिंग लिस्ट, म्हणजे कोण कुठल्या खोलीत ती यादी, करताना तर माणसं कळतात. कोण कोणासोबत झोपणार नाही, कोण शाकाहारी, कोणाला खालचाच बर्थ हवा. तेच पुढे साठ पाहुण्यांच्या ग्रुपचं करायचं असतं. रेल्वेची सवलतही पोरांनीच मिळवली. शैक्षणिक सहलीला विद्यार्थ्यांना सेकंड क्लास आणि स्लीपरला सवलत मिळते, कॉलेजच्या सही-शिक्क्याचा फॉर्म लागतो. २०२० मध्ये रेल्वेनं बऱ्याच सवलती थांबवल्या तेव्हाही विद्यार्थ्यांची राहिली. एजंट हे सांगत नाही, कारण त्याला बस भरायची असते.

अजिंठ्यात एक मुलगी गाडीतळापासून सरकारी बसनं वर जाताना चिडली होती, आपली गाडी थेट का नेत नाहीत म्हणून. चित्रांच्या लेणीत मोजकीच माणसं आत सोडतात, बाकीचे उन्हात रांगेत. आत श्वासाच्या ओलाव्यानंही रंगांना धोका असतो हे ऐकल्यावर ती गप्प. रिपोर्टमध्ये तिनं बस आणि रांग यावरच चार पानं लिहिली: रांगेत सावली कुठे नाही, पाणी कुठे नाही, पाट्या कोणत्या भाषेत आहेत. पद्मपाणीवर एक ओळ. मी पूर्ण मार्क दिले.

त्रिमूर्तीनगरची_आई

सर, हे फार आवडलं. आणि जंगलाचंही. पण एक भीती बोलून दाखवते. १ जुलै २०२३ ला नागपूरहून पुण्याला जाणारी बस सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर जळाली, २५ जण गेले. तेव्हापासून रात्रीची बस म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो. या टूरमध्ये चंदीगड ते मनाली रात्रीचा प्रवास आहे.

चॉक_आणि_एप्रन

रास्त आहे. आमचा नियम: मुलं असताना रात्री बस नाही. रात्र काढायची तर रेल्वेत. त्यानं एक दिवस जास्त जातो, जाऊ द्या. घाटातली रात्रीची बस असेल तर मी पालक म्हणूनही लेखी विचारीन: चालक किती, आपत्कालीन दार कुठे, सोबत शिक्षिका किती.

तर्रीपोहे

मले एक सांगा, नागपुरातच काय कमी हाय? फूड प्रॉडक्शनच्या पोट्ट्यायले कळमन्याच्या मार्केटले पहाटे न्या. अंबिया बहाराचा संत्रा येते तेव्हा लिलाव पाहा. मोसम संपला की हॉटेलवाला 'फ्रेश ऑरेंज ज्यूस' कुठून पाजते, ते इचारा. अन् मंग दुपारी एखाद्या सावजीच्या किचनात. हलबा-कोष्ट्यायच्या घरचं खाणं आज शहराची ओळख होऊन बसलं, ते कसं? जवसाचं तेल, काळा मसाला, मेनूवर मोजून पदार्थ, तरी रांग. कॉस्टिंग शिकाचं तर तिथं शिका. मालक रेसिपी सांगनार नाही, पण तर्री किती वाट्या फुकट वाढते अन् तरी कसं परवडते, ते सांगते.

पुन्याच्या लोकायनं तिखटावर कमेंट करू नये.

चॉक_आणि_एप्रन

:) कळमना आम्ही करतो. आणखी एक करतो, त्यावर मतं हवीत. अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीला स्वयंसेवक म्हणून विद्यार्थी पाठवतो. १४ ऑक्टोबर १९५६ च्या धर्मांतराच्या स्मरणार्थ लाखो माणसं येतात, बहुतेक रेल्वेनं, बरीचशी शाळांमध्ये मुक्कामी, आणि शहरभर भोजनदान. बुकिंग नाही, बिल नाही, तरी कोणी उपाशी झोपत नाही. एवढ्या मोठ्या समूहाचा पाहुणचार पैशाविना कसा चालतो, हे हॉस्पिटॅलिटीच्या विद्यार्थ्यानं बघायलाच हवं असं मला वाटतं.

इंदोरा_एक्स्प्रेस

सर, भावना चांगली आहे, पण एक सांगतो. माझे आजोबा दरवर्षी जायचे, आम्ही घरचे भोजनदानात उभे राहतो. ती जागा आमच्यासाठी 'इव्हेंट' किंवा 'केस स्टडी' नाही. मागे कुठल्याशा कॉलेजची पोरं फॉर्म घेऊन रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारत होती, "तुम्हाला सुविधा कशा वाटल्या, एक ते पाच सांगा." नांदेडहून रात्रभर उभी राहून आलेली बाई, तिला स्तूप बघायचाय, पुस्तकं घ्यायचीत, आणि हे पाच आकडे. राग आला.

पाठवा, पण हातात वाढायचा डाव द्या, फॉर्म नको. नावनोंदणी आधी कुठल्या तरी भोजनदान मंडळाकडे करा. पहाटे भाजी चिरायला या, रात्री पातेली घासायला थांबा. फोटो बंद. आणि जाण्याआधी बाबासाहेबांबद्दल वर्गात एक तास घ्या, नाहीतर पोरांना ती फक्त गर्दी दिसेल.

चॉक_आणि_एप्रन

फॉर्मचा मुद्दा शंभर टक्के मान्य. आमच्याकडे फॉर्म नव्हता, पण फोटोंवर बंदीही नव्हती. यंदापासून असेल. वर्गातला तास कोण घेईल? तुम्ही याल का?

इंदोरा_एक्स्प्रेस

व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

हिशेबी_काका

माझं मत थोडं हललंय, हे कबूल. तरी एक विचारतो. हे सगळं नागपूर-वर्धा-चंद्रपुरात होत असेल तर लांबची टूर पूर्णच बंद का करू नये? सेवाग्रामला बापूकुटी बघितली तर साधेपणातला पाहुणचारही दिसेल. खर्च बसभाडं.

गोंदिया_ते_डेस्क

सेवाग्रामला आम्ही गेलो होतो. तिथं सापाला न मारता पकडायचा चिमटा आणि गांधीजींसाठी बसवलेला टेलिफोन ठेवलाय. आमच्या गाइडनं फक्त त्या दोन वस्तूंवर अर्धा तास लोकांना धरून ठेवलं. त्याच्याकडे ना माइक, ना स्लाइड. मी त्याची नक्कल करायला शिकलो, आजही एखाद्या पाहुण्याला शहराबद्दल सांगताना दोनच गोष्टी निवडतो.

पण काका, लांबची टूर बंद नका करू. नागपूरबाहेर गेलं की आपली भाषा चालत नाही, खाणं बदलतं, थंडी बाधते, पैसे मोजून खर्च होतात. आमच्यातल्या एका मुलाला शिमल्यात पहिल्या रात्री ताप आला. हॉटेलच्या माणसानं डॉक्टर बोलावला, आल्याचा चहा दिला आणि दर दोन तासांनी फोन केला. परमुलखात आजारी पडल्यावर माणसाला काय हवं असतं, ते आम्ही सगळ्यांनी त्या रात्री पाहिलं.

लिननरूम

हे असं कार्यक्रमपत्रिकेत लिहिता येत नाही, हीच अडचण आहे. म्हणून कॉलेजं 'मनाली - साइटसीइंग' लिहून मोकळी होतात.

त्रिमूर्तीनगरची_आई

सगळ्यांचे आभार. काल पालकसभेत मी आणि आणखी काही आयांनी लेखी दिलं. मागण्या तीन. दिल्लीच्या हॉटेलात दुपारी तीननंतर, गट करून, लॉन्ड्री आणि किचन दाखवा. चंदीगड-मनाली दिवसा करा. सरोजिनीतले दोन तास कमी करा. पहिल्या दोन मान्य झाल्या. तिसरीवर मुलींनीच सभेत आरडाओरडा केला, त्यात माझी लेक पुढे! तर मार्केट राहिलं. पैसे भरले.

सरांनी एक आणखी विचारलं: परत आल्यावर टुरिझमच्या इलेक्टिव्हवाल्या वीसेक मुलांना जंगल लॉजला न्यायचं म्हणतात. मोहर्लीवाले भाऊ, तुमच्याकडे जमेल का? कोणाशी बोलायचं, कधी यायचं?

मोहर्लीवाला

ताई, जमवतो. कॉलेजच्या लेटरहेडवर मेल हवा, मुलांची नावं आणि सोबतच्या शिक्षकांचे नंबर. वीसच्या वर नको, स्टाफच्या खोल्यांत तेवढीच माणसं मावतात. नाताळ ते नवीन वर्ष अजिबात नको, त्या दिवसांत मी स्वतः कुठं झोपतो ते मला माहीत नसतं. जानेवारीच्या मध्यानंतरचा सोमवार धरा. दुपारी पोहोचा, संध्याकाळची सफारी परत येताना गेटवर उभे राहा, टॉवेलचे ट्रे तुमच्या मुलांच्याच हातात देतो. मंगळवारी ताडोब्याचा कोअर बंद असतो, तेव्हा पाहुणे कमी आणि आम्ही खोल्या रिकाम्या करून गाद्या उन्हात टाकतो, पडदे उतरवतो, स्टोअरची मोजणी करतो. लॉज कसं चालतं ते त्या दिवशी दिसतं. बुधवारी पहाटे चारला किचनमध्ये. स्वेटर, कानटोपी, बंद बूट, आणि भडक रंगाचे कपडे नकोत. सेंट लावून येणाऱ्याला मी कांदे सोलायला बसवीन.